आबा, दोष ढगांचा नव्हता!

२९ सप्टेंबर २०२४. ही तारीख मी विसरणार नाही. त्या रात्री माझे आबा, वय ७८, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, जिना चढून गच्चीवर गेले. वाईजवळच्या आमच्या गावात रात्रीचे साडेनऊ म्हणजे मध्यरात्रच. तरी आबा अर्धा तास मान वर करून उभे होते. त्यांना दुसरा चंद्र बघायचा होता.

आणि तो दिसणार, असं त्यांना सांगणारी मी होते.

तेव्हा मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गाचं एक इन्स्टा पेज होतं आणि त्या आठवड्यात पोस्ट टाकायची पाळी माझी होती. ‘पृथ्वीला मिळणार दुसरा चंद्र’ ही बातमी सगळीकडे फिरत होती. मी तीन-चार ठिकाणी वाचली, दोन चंद्र असलेला एक झकास फोटो शोधला आणि वर लिहून टाकलं, ‘आज रात्री आकाशात बघायला विसरू नका!’ आमच्या पेजच्या मानानं लाइक्स भरपूर आले. आईनं कौतुकानं पोस्ट फॅमिली ग्रुपवर टाकली. तिथून ती आबांपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवशी फोन केला तर आबा म्हणाले, “ढग होतं बघ जरासं, नायतर दिसला असता.”

मला खरं काय ते आठवडाभरानं कळलं. बातमी खोटी नव्हती. ‘२०२४ पीटी५’ नावाचा एक लघुग्रह २९ सप्टेंबर ते २५ नोव्हेंबर या काळात पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली येऊन पुन्हा आपल्या वाटेनं जाणार होता. शास्त्रज्ञ त्याला गमतीनं ‘मिनी मून’ म्हणत होते. पण त्याची लांबी साधारण १० मीटर. म्हणजे आबांनी आयुष्यभर ज्या एसटीत तिकिटं फाडली, त्या एका गाडीएवढा दगड! आपल्या चंद्राचा व्यास ३,४७५ किलोमीटर आहे. चंद्रापेक्षाही कितीतरी लांब असलेला हा दगड नुसत्या डोळ्यांनी सोडाच, हौशी खगोलप्रेमींच्या दुर्बिणीतूनही दिसणार नव्हता. मूळ बातम्यांमध्ये हे लिहिलेलं होतं. बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. त्या दिवशी पितृपक्ष चालू होता आणि अमावास्या तीन दिवसांवर आली होती. म्हणजे त्या रात्री साडेनऊला आपला पहिला, नेहमीचा चंद्रसुद्धा आकाशात नव्हता. तो पहाटे उगवणार होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदा बघितलं असतं, तरी दोन चंद्रांचा तो फोटो किती खोटा आहे ते मला कळलं असतं.

आबांनी ढगांना दोष दिला. नंतर आजीकडून कळलं, त्यांनी स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही दोष दिला होता. नातीवर मात्र शंका घेतली नाही. आज मी एका वृत्तपत्रात इंटर्न आहे आणि हे मला अजून टोचतं. म्हणूनच हा लेख. तुमच्या फोनमध्येही आज-उद्या ग्रह-तारे-धूमकेतूंचं काहीतरी येणार आहे. ते पुढं ढकलायचं की नाही, हे ठरवणं वाटतं तेवढं अवघड नाही. उलट माझं म्हणणं असं, की राजकारणाच्या किंवा औषधांच्या बातमीपेक्षा आकाशाची बातमी तपासणं सोपं आहे. कारण आकाश सगळ्यांच्या डोक्यावर आहे, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींचं वेळापत्रक आधीच ठरलेलं आहे.

हिशोब जुळतोय का?

दरवर्षी जूनच्या अखेरीस किंवा जुलैमध्ये एक फॉरवर्ड हमखास येतो. तुम्हीही वाचला असेल. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, त्याला ‘ॲफेलियन’ म्हणतात, २२ ऑगस्टपर्यंत थंडी वाढणार, सर्दी-खोकला होणार, सगळ्यांनी जपा. पुढे आकडे. पृथ्वी आणि सूर्याचं नेहमीचं अंतर ५ प्रकाश-मिनिटं, म्हणजे ९ कोटी किलोमीटर. आता ते १५ कोटी २० लाख होणार. खाली हात जोडलेली इमोजी आणि ‘आपल्या माणसांना पाठवा’.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर तो काकूनं टाकला. तिची मुलगी तेव्हा बाळंतीण होती, त्यामुळे काकू खरोखरच घाबरली होती. यावेळी मात्र मी आबांची पद्धत वापरायची ठरवली. आबा सांगतात, ड्युटी संपली की फाडलेली तिकिटं आणि पिशवीतले पैसे यांचा मेळ बसल्याशिवाय डेपोतून पाय निघायचा नाही. मग मी फॉरवर्डचा मेळ घालायला बसले.

शाळेत शिकलेल्या दोनच गोष्टी पुरल्या. एक, प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. दोन, सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ५०० सेकंद लागतात. गुणाकार करा. १५ कोटी किलोमीटर. हेच आपलं सरासरी अंतर. म्हणजे फॉरवर्डमध्ये जे ‘वाढलेलं’ अंतर आहे, ते जवळपास नेहमीचंच आहे, आणि ‘नेहमीचं’ म्हणून दिलेलं ९ कोटी साफ चुकीचं. बहुधा कुणीतरी मैल आणि किलोमीटर यांची खिचडी केली असावी, कारण १५ कोटी किलोमीटर म्हणजे ९ कोटी ३० लाख मैल. शिवाय शुक्र हा ग्रह सूर्यापासून १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. काकूच्या फॉरवर्डप्रमाणे आपण एरवी शुक्राच्याही आतल्या कक्षेत राहतो!

गंमत म्हणजे यातही एक खरी गोष्ट लपलेली आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सर्वांत लांब असते. मराठीत त्याला अपसूर्य स्थिती म्हणतात. त्यावेळचं अंतर असतं १५ कोटी २१ लाख किलोमीटर. सर्वांत जवळचं अंतर १४ कोटी ७१ लाख. फरक फक्त ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे साधारण ३ टक्के. आणि आपण सूर्याच्या सर्वांत जवळ कधी असतो? जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात आणि आपण स्वेटर शोधत असतो, तेव्हा! ऋतू अंतरामुळे नाही तर पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात. जुलैत आपल्याला गारवा वाटतो तो पाऊस पडतो म्हणून.

काकूला हे मी ग्रुपवर नाही, फोन करून सांगितलं. चारचौघांत चूक दाखवली की माणूस चूक सोडत नाही, फक्त आपल्याला सोडतो. ती म्हणाली, “अगं पण त्यात अगदी मिनिटासकट वेळ दिली होती.” हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ५ वाजून २७ मिनिटं असं लिहिलं की आपल्याला ते खरं वाटतं. पण त्या मजकुरात तारीख नसते, ‘उद्या’ असतं. म्हणूनच तो दरवर्षी नव्यानं ताजा होतो. ज्या बातमीत ‘उद्या’ आहे पण तारीख नाही, तिच्यावर पहिली फुली मारा.

करंगळी पुढे करा

आता फोटो आणि व्हिडिओ. २०२१ मध्ये एक क्लिप भयंकर व्हायरल झाली होती. उत्तर ध्रुवाजवळ क्षितिजावर अवाढव्य चंद्र उगवतो, काही सेकंदांत सूर्याला झाकतो आणि मावळतो. ते एका डिजिटल कलाकारानं बनवलेलं ॲनिमेशन होतं. त्यानं ते कला म्हणून केलं, लोकांनी निसर्ग म्हणून पसरवलं. आता तर असले व्हिडिओ एआयवर कुणीही दोन मिनिटांत बनवतं.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. पौर्णिमेच्या रात्री हात पूर्ण लांब करा आणि करंगळी चंद्रासमोर धरा. चंद्र तिच्यामागे पूर्ण झाकला जातो, वर थोडी जागाही उरते. आकाशात चंद्राचा आकार जेमतेम अर्धा अंश आहे, करंगळीचं टोक साधारण एक अंशाचं. ही गोष्ट एकदा स्वतः करून बघितलीत, की इमारतीएवढा चंद्र दाखवणारी रील तुम्हाला पुन्हा फसवू शकणार नाही. सुपरमूनच्या बातम्यांनाही हीच फुटपट्टी लावा. सुपरमून खरा असतो, पण त्याचा आकार वर्षातल्या सर्वांत लहान पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा फार तर १४ टक्के मोठा. शेजारी शेजारी ठेवून बघता येत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळणंच मुश्कील.

मंगळाच्या अफवेचंही तेच. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळपास ६० हजार वर्षांत इतका जवळ तो आला नव्हता. बातमी खरी होती. पण तेव्हाही तो नुसत्या डोळ्यांना एक तेजस्वी लाल ठिपकाच दिसत होता. ‘७५ पट मोठं करून बघितला तर चंद्राएवढा’ या वाक्यातलं ‘७५ पट मोठं करून’ कुठंतरी गळून पडलं आणि ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ एवढंच पुढं आलं. त्यानंतर कितीतरी ऑगस्ट महिन्यांत ती अफवा परत आली. मंगळ दर २६ महिन्यांनी आपल्याजवळ येतो. मग तो दर ऑगस्टमध्ये कसा येईल?

दिवाळीत फिरणारा ‘अंतराळातून दिसणारा भारत’ तुम्ही पाहिलाच असेल. निळे, हिरवे, लाल दिवे. त्याला दिवाळीशी काही घेणंदेणं नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या शास्त्रज्ञानं १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून तो बनवला होता. कुठल्या भागात दिवे केव्हा वाढले, हे रंगांवरून कळावं म्हणून. नासानं २०१२ मध्येच हे स्पष्ट केलं आणि दिवाळीचा खरा फोटोही दिला. तो अगदी साधा होता. आपल्या पणत्या-आकाशकंदिलांचा जादा उजेड अंतराळातून ओळखू येण्याइतका नसतोच. वाईट वाटलं ना? मलाही वाटलं होतं. जे वाचून आपली छाती फुगते, ते तपासायचं आपण हमखास विसरतो.

तारीख खरी, वर्ष खोटं

२०२५ च्या जुलैत मेसेज आले, ‘२ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात बुडणार.’ प्रत्यक्षात २ ऑगस्ट २०२५ ला ग्रहण नव्हतंच. खग्रास सूर्यग्रहण आहे ते २ ऑगस्ट २०२७ ला. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत दिसणार आहे. म्हणजे तारीख खरी, सहा मिनिटंही खरी, वर्ष तेवढं चुकलेलं. आणि ‘सगळं जग’ म्हणाल तर पूर्ण अंधार फक्त सुमारे अडीचशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात होईल. स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन असा तो पट्टा जातो. पश्चिम भारतातून आपल्याला ते खंडग्रास दिसेल.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण २०२७ चा तो दिवस जवळ आला की मेसेजचा पूर येणार आहे. गर्भवतींनी काय खाऊ नये इथपासून ते एक्स-रे फिल्ममधून सूर्य बघा इथपर्यंत. त्यातला दुसरा सल्ला तर थेट डोळे घालवणारा आहे. सूर्याकडे बघायचं तर प्रमाणित ग्रहणचष्म्यातूनच. आकाशाच्या खोट्या माहितीनं कुणाचं काही बिघडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

तारीख तपासायची तर ‘स्टेलॅरियम’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. गाव टाका, तारीख टाका, त्या रात्रीचं आकाश समोर. ग्रहण, युती, चंद्र कधी उगवणार, सगळं दिसतं. मी पोस्ट टाकण्याआधी तीन मिनिटं त्यासाठी दिली असती, तर आबांचा जिना वाचला असता.

आकडा बदलला म्हणजे थापा?

आता थोडं अवघड प्रकरण. जे आपण गच्चीवरून तपासू शकत नाही, त्याचं काय करायचं?

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ‘ॲटलास’ दुर्बिणीनं ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह शोधला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता दिसत होती. जानेवारीच्या शेवटी ती १ टक्क्याच्या वर गेली. १८ फेब्रुवारी २०२५ ला नासाचा आकडा ३.१ टक्के झाला. तो जिथे पडू शकला असता त्या लांबलचक पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होते. झालं! आपल्याकडे लगेच ‘मुंबईवर संकट’ सुरू. हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातलं एक शहर म्हणजे मुंबई, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. आठवड्याभरात तीच शक्यता ०.००४ टक्क्यांवर आली. मग कॉमेंट्स सुरू झाल्या, ‘बघा, आधी घाबरवलं, आता शेपूट घातली. यांना काही कळत नाही.’

खरं तर आकडा आधी वाढणं आणि मग एकदम पडणं हे अगदी अपेक्षित होतं. कसं ते लोकलमध्ये बसून बघू. १२ डब्यांची गाडी. मैत्रिणीचा मेसेज येतो, ‘मी याच गाडीत आहे.’ ती तुमच्या डब्यात असण्याची शक्यता बारात एक. दुसरा मेसेज, ‘पुढच्या सहा डब्यांत आहे.’ तुम्हीही तिसऱ्या डब्यात. शक्यता झाली सहात एक. तिसरा मेसेज, ‘पहिल्या तीन डब्यांत.’ आता तीनात एक! मैत्रीण जागची हललेली नाही. तुमची माहिती वाढत गेली तशी शक्यता वाढत गेली. मग चौथा मेसेज, ‘अगं, पहिल्या डब्यात.’ शक्यता शून्य. यात मैत्रीण एकदाही खोटं बोलली नाही.

लघुग्रहाचंही असंच. सुरुवातीला त्याचा मार्ग धूसर असतो. रोजच्या निरीक्षणांनी शक्य मार्गांचा पट्टा अरुंद होत जातो आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर तिच्या वाट्याची टक्केवारी वाढत जाते. एक दिवस पृथ्वी पट्ट्याच्या बाहेर पडते आणि आकडा कोसळतो.

म्हणून माझा नियम साधा आहे. नवी माहिती आल्यावर जो आपला आकडा उघडपणे बदलतो, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते. काकूच्या फॉरवर्डमधले ९ कोटी किलोमीटर इतक्या वर्षांत एक किलोमीटरनंही हललेले नाहीत.

मोठं नाव आणि छोटं क्रियापद

‘पण हार्वर्डच्या प्राध्यापकानं सांगितलंय’, असंही तुम्हाला कुणी ऐकवेल. १ जुलै २०२५ ला ‘थ्रीआय ॲटलास’ हा आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू सापडला. असा हा तिसराच ज्ञात पाहुणा. हार्वर्डचे आवी लोब यांनी तो परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा नमुना असू शकतो, अशी शक्यता मांडली. लोब खरे प्राध्यापक आहेत, हार्वर्डही खरं आहे. पण ‘असू शकतो’चं दोन दिवसांत ‘आहे’ झालं, आणि ‘लोब म्हणाले’चं ‘हार्वर्डनं जाहीर केलं’ झालं. बाकीच्या खगोलशास्त्रज्ञांना त्यात धूमकेतूच दिसत होता. धूमकेतूसारखेच वायू आणि धूळ तो बाहेर टाकत होता. नासानंही तो धूमकेतू असल्याचं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. १९ डिसेंबर २०२५ ला तो आपल्या सर्वांत जवळ आला तेव्हा २७ कोटी किलोमीटर लांब होता. सूर्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर.

म्हणजे नाव मोठं आहे का, एवढंच बघून भागत नाही. त्या विषयातले इतर लोक काय म्हणतात, आणि मूळ वाक्यातलं क्रियापद काय होतं, हे बघावं लागतं. ‘नासानं सांगितलं’ वाचलं की नासाच्या स्वतःच्या पानावर ते आहे का, ते शोधा. सापडलं नाही, तर ते नासानं सांगितलेलं नाही असं धरून चाला.

आपल्याकडे आणखी एक भेसळ होते. मराठीत ‘गुरू-शुक्र युती’ शोधा. आधी राशी येतात, मग कुठंतरी आकाश. युती खरी असते, वेळ खरी असते, म्हणून पुढचं ‘या तीन राशींना धनलाभ’सुद्धा आपल्या गळी उतरतं. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात असल्या दाव्याची रीतसर परीक्षा घेतली होती. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद हे ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० निघाली असती. मला यात आवडतं ते हे, की नारळीकरांनी नुसतं ‘थोतांड’ म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी तपासून बघितलं आणि आकडा लोकांसमोर ठेवला.

आपली आमची चूक

मी आता ज्या धंद्यात शिरतेय, त्याबद्दल बोलले नाही तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. हे सगळं फक्त काकू-मामा पसरवत नाहीत. आम्ही पसरवतो. ‘आकाशात दिसणार अद्भुत नजारा’ या मथळ्यावर क्लिक येतात, ‘मोठी दुर्बीण नसेल तर काही दिसणार नाही’ यावर येत नाहीत. मथळा आणि शेवटचा परिच्छेद यांच्यात जी दरी असते, तिच्यात आमचे वाचक पडतात. माझं म्हणणं आहे, आकाशाच्या प्रत्येक बातमीत दुसऱ्याच वाक्यात तीन गोष्टी असल्या पाहिजेत: कुठून दिसेल, कधी दिसेल, नुसत्या डोळ्यांनी दिसेल का. एवढं लिहायला जागाही लागत नाही. आणि शंका आली तर विचारायला माणसं आहेत. पुण्यात आयुका आहे, १९४४ पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत नेहरू तारांगण आहे. मी एकदा अशा ठिकाणी बिचकत प्रश्न विचारला होता. मला वाटलं हसतील. त्यांनी वीस मिनिटं समजावलं.

तुम्ही म्हणाल, एक माणूस अर्धा तास गच्चीवर उभा राहिला, त्यात एवढं काय? पैसे गेले नाहीत, कुणी मेलं नाही. बरोबर आहे. पण आपल्या सांगण्यावरून ज्यानं मान वर केली आणि ज्याला काहीच दिसलं नाही, तो पुढच्या वेळी काय करेल? एक तर स्वतःच्या डोळ्यांना नावं ठेवेल, नाही तर वर बघणंच सोडून देईल. खरोखर काही दिसणार असेल, त्या रात्रीसुद्धा तो घरातच बसेल.

आबांना मी खरं सांगायला बरेच महिने घेतले. दिवाळीच्या सुट्टीत एकदा पायऱ्यांवर बसलो होतो तेव्हा म्हटलं, “आबा, त्या रात्री दोष ढगांचा नव्हता. मीच न वाचता लिहिलं होतं.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हिशोब जुळला नाही, तर दुसऱ्या दिवशी सांगायचा असतो. एवढा उशीर करायचा नाही.”

गेल्या जानेवारीत मी त्यांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दाखवलं. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण ९० मिनिटांत पृथ्वीची फेरी मारतं आणि संध्याकाळी किंवा पहाटे नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’वर आपल्या गावाजवळची वेळ आणि दिशा मिळते. मी दोन ठिकाणी वेळ तपासली, अंगणातून दिसेल ना ते बघितलं आणि फोनवर सांगितलं, “जिना चढू नका. अंगणातच उभे राहा, वायव्येकडं तोंड करून. सात वाजून चार मिनिटं.”

सात वाजून नऊ मिनिटांनी त्यांचा फोन आला. “आली गं! न लुकलुकता, सरळ डोक्यावरनं गेली. आपल्या एसटीपेक्षा वेळेवर!” आणि लगेच पुढचा प्रश्न, “उद्याची कितीला आहे?”